साहेबांची वाट

बायकोने चष्मा पुसून नाकावर चढवला आणि नवऱ्याला कोपराने बाजूला केलं.

"अहो, सरका जरा. साहेब आले."

साहेब म्हणजे पडद्यावरचा पांढऱ्या डोक्याचा गरुड. दूर कुठल्याशा जंगलात उंच झाडावर त्याचं घरटं, घरट्यावर कॅमेरा, आणि तो कॅमेरा दिवसभर या घरातल्या जेवणाच्या टेबलावर चालू. साहेबांनी मासा मादीपुढे टाकला. ती उठली, तसे ते पंजे मिटून हळूच अंड्यांवर बसले.

"बघा, अंड्याला नख लागू नये म्हणून मुठी कशा वळतात. कुणी शिकवावं लागत नाही."

शेवटचं वाक्य आपल्यालाच होतं, हे त्याला कळलं. बत्तीस वर्षं त्याने लांब पल्ल्याचा ट्रक चालवला होता. मुलगी जन्मली तेव्हाही तो दोन दिवसांच्या अंतरावर होता. आता निवृत्त होऊन कायमचा घरी आला, तर बायकोचे डोळे भलत्याच घराकडे लागलेले. एवढ्या संसारात तिने त्याला 'अहो'च्या पुढे काही म्हटलं नाही, आणि हा मासेखाऊ महिन्याभरात साहेब झाला! त्याचा नुसता जळफळाट होत होता. पाखरावर जळतोय याची लाज वाटायची, म्हणून आणखीच जळायचा.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर तो तिच्या खुर्चीत बसला. पडद्याखालची पट्टी मागे ओढली की आधीचं दिसतं, हे मुलीने दाखवलेलं त्याच्या लक्षात होतं. त्याने ती चांगली चार तास मागे ओढली. मादी एकटीच वाऱ्यात पिसं फुगवून बसलेली. साहेबांचा पत्ता नाही. त्याला बरं वाटलं.

ती मटाराच्या शेंगा घेऊन टेबलाशी आली.

"आले नाहीत अजून?"

"गेला असेल उंडारायला," तो पेपरामागून म्हणाला.

एक तास गेला, दुसराही गेला. मादी मान वळवून आभाळाकडे बघायची आणि बायको पडद्याकडे. हातातली शेंग हातातच होती. कुठे खुट्ट झालं की ती खुर्चीत किंचित पुढे सरकायची, मग पुन्हा मागे टेकायची. पेपराचं तेच पान धरून तो तिच्याकडे बघत राहिला. वाट बघणारी बायको त्याने कधी पाहिलीच नव्हती. तो दारात पोचायचा तेव्हा ते सगळं उरकलेलं असायचं.

शेवटी त्याला राहवलं नाही.

"सरक जरा," म्हणत त्याने पट्टी शेवटपर्यंत पुढे ढकलली. साहेब अंड्यांवर बसलेले होते आणि मादी शेजारी मासा फाडत होती.

"चुकून मागे गेलं होतं वाटतं," तो पुटपुटला.

"माहीत आहे. कोपऱ्यात वेळ दिसते."

"मग बोलली का नाहीस?"

तिने शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले आणि उरलेल्या शेंगांतल्या निम्म्या त्याच्यापुढे सरकवल्या.

"दोन तास दहा मिनिटं," ती म्हणाली. "पूर्वीच्या मानाने लवकर आलात."