नळीचा चटका

काचेच्या कारखान्यात फुंकेमामांच्या ओठावर अधूनमधून बारीक फोडांचा झुपका उठे. सगळे त्याला नळीचा चटका म्हणत. वितळलेली काच लोखंडी नळीने फुंकायची, तर ओठाला झळ लागणारच. ज्याला लागत नाही तो कसला कारागीर? हा मान ते एकमेकांच्या नळ्या तोंडाला लावून उदारपणे वाटून घेत.

मामा विधुर. घरी रेडिओशी हुज्जत घालत. लेक बाळंत झाली तेव्हा नातीला घेताना ओठ नितळ असावा, म्हणून ते त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, हा चटका नव्हे, हर्पिस. एकदा शिरला की नसेत बिऱ्हाड करतो. थकवा, ताप, ऊन यांनी डोकं वर काढतो. ओठ चुरचुरला की लगेच गोळ्या घ्या, फोड फोडू नका, हात धुवा, पेला-टॉवेल वेगळा ठेवा.

"आणि चुरचुरल्यापासून खपली पडेपर्यंत तान्ह्या बाळाचा मुका नाही. तुम्हाला नुसता फोड, तिच्या मात्र जिवावर बेतेल."

मामांनी नळी वेगळी केली. आजोबा झालात की जावई, असं कारखान्याने विचारलं. त्यांनी खरं कारण सांगितलं, तेव्हा मात्र डबा खाताना त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. सरकून बसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या ओठांवर तोच मान होता, पण तो हिशेब कोण मांडतो?

लेक बाळाला घेऊन आली, ती एका रात्रीपुरती. सकाळी नवऱ्याच्या दूरच्या नोकरीच्या गावी निघायची होती. मामांचा ओठ अगदी साफ दिसत होता. फक्त पहाटेपासून चुरचुरत होता. गोळी घेतली होती, आणि हे त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

लेकीने बाळ पुढे केलं. मामांनी हात पाठीमागे नेले.

"मुलगी झाली म्हणून का, बाबा?"

तेव्हा त्यांना सगळं सांगावंच लागलं. लेकीचा जीव भांड्यात पडला. हात धुवा, मास्क लावा आणि घ्या, ती म्हणाली, एवढं पुरतं.

"हातांचा भरवसा आहे गं. तोंडाचा नाही."

जन्मभर समोर काही नाजूक आलं की त्यांचे ओठच आधी पुढे जात. लेकीने फार आग्रह केला नाही. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून तिने बाळाचं तोंड त्यांच्याकडे वळवलं.

बाळाने जांभई दिली. इकडे मामांच्या ओठांचा आपोआप चंबू झाला. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.