टेबलाशी तिसरी खुर्ची

मुलीबरोबर रोज संध्याकाळी बायबलचा एक अध्याय वाचायचा, हा आईचा नेम. आई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे, तरी दुपारच्या सुट्टीत डबा उरकून ती संध्याकाळची तयारी करायची. मुलगी काय विचारेल, आपण काय सांगायचं, सगळं डोक्यात आधीच मांडलेलं. मुलीला घरात खारू म्हणत, कारण लहानपणी ती खारीसारखी एका जागी ठरत नसे. आता पंधराची झाली होती आणि वाचनाच्या टेबलाशी मात्र मुकाट बसायची. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, "पोरीला वळण लावावं तर तुम्हीच." ऐकून आईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग बाबांची ड्यूटी बदलली. ते बस चालवायचे. इतकी वर्षं संध्याकाळी रस्त्यावर असायचे, ते आता पहाटेची गाडी काढून दुपारीच घरी येऊ लागले. एके दिवशी चहाचा कप घेऊन ते टेबलाशी येऊन बसले. "मीही ऐकतो की."

देवावर रुसून शहराबाहेर जाऊन बसलेल्या संदेष्ट्याची गोष्ट चालू होती. खारूने मान वर केली. "बाबा, तुम्हाला कधी वाटतं का, की आपण प्रार्थना करतो आणि पलीकडे कुणी नाहीच?"

प्रश्न बाबांना! आईच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"वाटलंय ना," बाबा म्हणाले. "तुझा काका गेला तेव्हा. वर्षभर मी नुसते ओठ हलवायचो."

"मग?"

"मग काय, हलवत राहिलो. एक दिवस बस धुताना लक्षात आलं, की आपण खरंच बोलतोय. कसं झालं, ते मला अजून सांगता येत नाही."

खारू खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकली. आईने मध्ये दोनदा काही सांगायला तोंड उघडलं, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

तिचा नुसता जळफळाट झाला. राबायचं आपण, आणि हे चहा पीत येऊन बसतात काय, पोरगी मन मोकळं करते काय! त्याहून जास्त सलत होतं ते दुसरंच. दीर गेल्यानंतरचं ते वर्ष तिने नवऱ्याच्या शेजारी गुडघे टेकून काढलं होतं. नुसते ओठ हलवण्याचं त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "यापुढे सकाळी वाचायचं, शाळेआधी. डोकं ताजं असतं." सकाळी बाबा गाडीवर असतात, हे काही तिने बोलून दाखवलं नाही.

खारू जांभया देत बसायची. विचारलं की बरोबर उत्तर द्यायची. आईचंच उत्तर, आईच्याच शब्दांत. आईला हवं ते मिळालं होतं, पण गोड लागत नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात बापलेकीचं खिदळणं चालायचं आणि आई आत गेली की थांबायचं. निदान तिला तरी तसंच वाटायचं.

शेवटी एका सकाळी तिचा तोल गेला. "बाबांशी बरी तासन्‌तास बोलतेस. माझ्यासमोर तोंडाला कुलूप!"

"तुझ्याकडे सगळं आधीच ठरलेलं असतं गं," खारू म्हणाली. "मग मी काय विचारू?"

"मग जा, बाबांकडेच शीक!"

मुलीने ते खरंच मनावर घेतलं. संध्याकाळी ती आणि बाबा टेबलाशी बसले, आणि आई आत इस्त्री करत राहिली. शब्द कळत नव्हते, नुसता दोघांचा सूर ऐकू येत होता. शर्टाच्या त्याच बाहीवरून इस्त्री फिरत होती. अखेर तिने बटण बंद केलं, बाहेर आली आणि खुर्ची ओढून बसली.

"ते ओठांचं मला का नाही सांगितलंत?"

बाबा गडबडले. "तू इतकी ठामपणे प्रार्थना करायचीस. मला लाज वाटायची."

"अहो, तुमच्याकडे बघून मी ठाम राहायचे!" तिचा आवाज चिरकला. "हिला सांगितलंत, मला नाही. हिनेही तुम्हालाच विचारलं. मला सहन झालं नाही. म्हणून ती सकाळची वेळ काढली मी."

खारूने डोळे विस्फारले. "आई, तू बाबांवर जळत होतीस?"

"हो."

"देवाला सांगितलंस ते?"

"कसलं सांगते! त्याच्याकडे तुझ्या जांभयांची तक्रार करत होते."

खारू फिस्सकन हसली. बाबांनी हसू लपवायला कप तोंडाला लावला. तो रिकामा होता. आईलाही हसू आलं, पण डोळे पुसावे लागले.

वाचन पुन्हा संध्याकाळी सुरू झालं. खारू बाबांच्या खांद्यावर डोकं टेकायची, तेव्हा आईला अजूनही बारीक टोचायचं. पण आता ती गप्प राहायची नाही. "जरा या बाजूला पण बस की," असं सरळ म्हणायची, आणि खारू कुरकुरत का होईना, खुर्ची उचलून यायची.