गावाकडचे

“आबा, तुम्ही इथं वर कशाला आलात? आणि हिला घेऊन?”

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर तातेराव उभे होते. खांद्यावर नुकतीच रांगायला लागलेली यशू, दुसऱ्या हातात सोनाराकडची लाल मखमली डबी.

“आज खडा निघनार म्हनली होतीस ना माय. मंग ठेवायला काही पायजे का न्हाई? भोकरदनच्या सोनाराकून मागून आनली. नव्वी हाय.”

संध्यानं आधी कॉरिडॉरकडे पाहिलं. अजून कुणी आलेलं नव्हतं.

तातेराव एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्तीनंतर केदारखेड्यात निवांत होते, पण लेक संध्याची बाळंतपणाची रजा संपली आणि ते पिशवी घेऊन तिच्याकडे जालन्याला आले. जावई भारत अंबडला निवासी शाळेत शिक्षक, तो घरी रविवारपुरता. दुपारी यशूला घेऊन कॉलेजात यायचं, गेटाच्या आत कडुनिंबाखाली बसायचं. मग संध्यानं खाली येऊन चौकीदार पाशामियाँच्या केबिनमध्ये तिला पाजायचं, असं रोज चालायचं. लेकराला वर आणायचं नाही, आत विषारी सेलेनियम असतं, हे तिनंच बजावलं होतं. आजही तातेरावांनी दाराच्या आत पाय टाकला नव्हता.

आपलं काम तिनं त्यांना एकदा भाकरी थापता थापता समजावलं होतं. डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो, अवरक्त. तो एका रंगाचा आत जावा आणि दुसऱ्या रंगाचा होऊन बाहेर पडावा, असा स्फटिक घडवायचा. त्या उजेडानं हवेतला विषारी वायू ओळखता येतो, माणसाच्या श्वासातला आजारसुद्धा. जुने स्फटिक आहेत, पण जे चांगलं काम करतात ते जोरदार लेसरखाली जळतात आणि जे टिकतात ते काम करत नाहीत. दोन्ही जमेल असा नवा हवा. तातेरावांनी हे सगळं खाली जाऊन पाशामियाँना सांगितलं होतं, “टिकीट जालन्याचं काढायचं अन् उतरायचं भोकरदनला, असा खडा.”

“ऐसे पॅसेंजरको तो तुम दंड लावत होते ना, तातेराव?” पाशामियाँ म्हणाले होते.

सीलबंद नळीत मिश्रण भरून ते भट्टीत वितळवायचं आणि आठवडेच्या आठवडे हळूहळू निववायचं. जरा घाई झाली की तडा. यशू पोटात होती तेव्हापासून संध्यानं तडकलेलेच तुकडे पाहिले होते. या वेळचा अखंड निघाला होता. आज तज्ज्ञ येणार होते. त्यांना काम पटलं तर भट्टी जालन्यात राहणार, नाही तर मोठ्या विद्यापीठात जाणार.

तिनं घाईघाईनं चिमट्यात धरून स्फटिक दाराशी आणला. चिंचोक्याएवढा, आणि चिंचोक्याच्याच रंगाचा.

“ह्यो?” तातेरावांचा हात डबीवर थांबला. मग ते लगेच म्हणाले, “काळा हाय, पन चमक हाय त्याला. बिलकुल.”

जिन्यावर बुटांचे आवाज आले. विभागप्रमुख, त्यांच्यासोबत मुंबईचे तज्ज्ञ आणि दोन-तीन प्राध्यापक. तातेराव डबी उघडून धरून तसेच उभे होते.

“हे कोण?” तज्ज्ञांनी हसत विचारलं.

“गावाकडचे आहेत, सर.”

“असं होय. मला वाटलं, स्फटिकाची किंमत करायला सोनारच बोलावलात!”

सगळे हसले. संध्याही हसली. तो हसण्याचा आवाज आपलाच आहे हे तिला ऐकू आलं, तेव्हा तातेरावांनी डबी मिटली होती.

“मॅडम,” ते म्हणाले, “आम्ही भाईर बसतो.”

यशूनं आईकडे दोन्ही हात पसरले. संध्या वळली, स्फटिक लेसरसमोर बसवला आणि लेसरचं बटण शोधू लागली. ते समोरच होतं.

मागे जिन्यावरून यशूचं रडणं खाली खाली जात राहिलं. संध्याचा पान्हा सुटला. तिनं फाइल छातीशी धरली आणि तशीच, एका हातानं, लेसरचा जोर वाढवत नेला. पडद्यावरची, रंग बदललेल्या उजेडाची रेघ उंच उठली. जोर आणखी वाढवला. स्फटिक जळला नाही.

“सुंदर,” तज्ज्ञ म्हणाले. “भट्टी हलवायचं काही कारण दिसत नाही.”

ती खाली धावली तेव्हा केबिनमध्ये पाशामियाँ यशूला किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवत होते. तातेराव बाकावर होते.

“झालं का काम?”

“झालं. भट्टी इथंच राहणार. आबा, मघाशी मी...”

“लेकरू भुकेलंय. आधी घे तिला.”

पाशामियाँ बाहेर गेले. यशू पीत असताना संध्यानं कोटाच्या खिशातून एसीचा रिमोट आणि पारदर्शक बंद पुडीतला स्फटिकाचा एक काप काढला. “आबा, मोबाईलचा कॅमेरा लावा.” रिमोटमधूनही तोच न दिसणारा उजेड निघतो; त्याच्या टोकावर तिनं पुडी धरली, बटण दाबलं. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसेना. मोबाईलच्या पडद्यावर मात्र त्या काळ्या कापातून जांभळट ठिपका लुकलुकला.

तातेरावांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. “जाऊन राह्यलाय की आरपार,” ते हळू आवाजात म्हणाले.

“हा काप राहू द्या तुमच्याकडं. डबीत.”

“कॉलेजचा हाय ना? न्हाई माय, जागच्या जागी ठेव.”

‘माय’ म्हणाले, म्हणून तिला वाटलं, आबा मघाचं विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाशामियाँ वर आले. दाराबाहेरच थांबले.

“मॅडम, गावाकडचे आलेत.”

संध्यानं मान वर केली.

“त्यांनीच ऐसा बोलायला सांगितलं,” पाशामियाँ खाली बघत म्हणाले. “आत या म्हटलं, तर आले न्हाई.”

ती खिडकीशी गेली. कडुनिंबाखालची जागा रिकामी होती. तातेराव गेटाबाहेर उन्हात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, यशूच्या डोक्यावर रुमाल धरून. यशूच्या हातात ती लाल डबी होती, आणि ती तिचं झाकण मन लावून चोखत होती.