भट्टी आणि ताई, एकाच फोटोत

ताईच्या काचकामाच्या कारखान्याचा धड फोटो आजवर कुणालाच जमला नव्हता. आत एकच खिडकी, भिंती काजळलेल्या आणि मधोमध धगधगती भट्टी. भट्टी नीट दिसावी म्हटलं की ताईची नुसती काळी सावली व्हायची. ताईचा चेहरा उजळला की भट्टीच्या जागी पांढराफटक डाग. सवतीबद्दल बोलावं तसं ताई म्हणायची, एक तर मी, नाहीतर ती.

आता एका मोठ्या प्रदर्शनात तिच्या कामाची निवड झाली होती आणि तिथे कामाच्या जागेचा फोटो लावायचा होता. आलेल्या फोटोग्राफरने हात टेकले, तेव्हा मीच काढते म्हणून धाकट्या बहिणीने हट्टच धरला. ती घरांचे, दुकानांचे आतून फोटो काढायची. लख्ख उजेड आणि काळोख एकाच चौकटीत बसवणं हे तिचं रोजचंच काम होतं.

तिने ट्रायपॉड रोवला आणि एकाच जागेवरून भराभर पाच फोटो घेतले, अगदी गडदपासून अगदी उजळपर्यंत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून पाचही सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केले. एचडीआर म्हणतात ते हेच: प्रत्येकातलं जेवढं नीट उमटलंय तेवढं घ्यायचं. पण ताई सारखी हलत होती, त्यामुळे तिला चक्क तीन हात फुटले. शिवाय धाकटीने उत्साहाच्या भरात सगळे स्लायडर ताणले होते. धूर जांभळा आणि भिंती हिरव्या झाल्या होत्या.

भावजी म्हणाले, तीन हात असते तर घरातही उपयोग झाला असता. तुमच्या दोन हातांचा काय उपयोग होतो ते आधी सांगा, असं ताईने सुनावलं. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "जाऊ दे गं. सावली तर सावली. लोक काच बघायला येणार, मला नाही."

धाकटीच्या मनाला ते लागलं. इतकी वर्षं हात भाजून घेतले आणि चेहरा कुठेच नाही?

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा न काढता कारखान्यात नुसती स्टुलावर बसून राहिली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की नळीतून काच फुंकून झाल्यावर ताई ती जरा निवून घट्ट व्हायची वाट बघते. श्वास रोखून, पुतळ्यासारखी. नळी फिरवणारी बोटं तेवढी हलतात. त्याच क्षणावर टपून तिने पुन्हा पाच फोटो घेतले.

या वेळी सॉफ्टवेअरमध्ये तिने बोटं एकाच फोटोतली ठेवली. भट्टीचा उजेड हळूहळू खाली आणला, तसे ज्वाळेचे पिवळे, नारिंगी पदर उलगडत गेले. अंधारलेला भाग उजळला, पण भिंतीवरचे चिमटे दिसू लागताच हात आवरला. कोपऱ्यातला काळोख तिने काळोखच राहू दिला.

ताई ॲप्रनला हात पुसत लॅपटॉपवर वाकली.

"मनगटावरचा भाजल्याचा डागसुद्धा दिसतोय."

"काढून टाकू?"

"हात तर लावून बघ."

प्रदर्शनात तो फोटो माणसाच्या उंचीएवढा करून दारातच लावला. ताई ज्यांच्या हाताखाली काम शिकली, ते म्हातारे कारागीर काठी टेकत आले आणि त्याच्यासमोर थबकले. "भट्टीसमोर उभं राहिलं की डोळ्यांना अस्संच दिसतं," ते म्हणाले. "फोटोत पहिल्यांदाच बघतोय."

त्यांच्या मागे हीऽ गर्दी जमली. एरवी बहीण फोटोबिटो काढते एवढंच सांगणारी ताई गर्दीत घुसली, धाकटीला दंडाला धरून तिने पुढे ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिने काढलाय. माझी बहीण. फोटोग्राफर आहे."

मग लोहारकाम करणारी एक बाई पुढे आली, आमच्याकडे कधी येता म्हणून विचारायला. तिच्यामागून कुंभार, त्याच्यामागून घंटा ओतणारे दोघे भाऊ. ताईच सगळ्यांना रांगेत उभं करत होती, आणि कुणी मध्ये घुसलं तर त्याला बिनदिक्कत मागे पाठवत होती.