काचेसमोरचं बाक

टेलिव्हिजनने माणसं एकमेकांच्या जवळ आणली, हे सगळेच विद्वान मान्य करतात. धुळ्यात तर ती इतकी जवळ आली होती, की मधल्या काचेला नाक लावून बघता येत असे.

कारण धुळ्यात टेलिव्हिजन नव्हता. नुसता स्टुडिओ होता. गावचा रतिलाल मुंबईला जाऊन टेलिव्हिजन बघून आला आणि १९७४ साली त्याने सोहनलालशेठच्या बंद पडलेल्या जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, एक भलीमोठी लाकडी चौकट उभी केली, तिला काच बसवली आणि फाटकावर ‘टेलिव्हिजन नगरी’ अशी पाटी ठोकली. तिकीट काढलं की पानबाई तोंडाला पावडर फासायची. मग गिऱ्हाइकाने काचेच्या आत बसून बातम्या वाचाव्यात, गाणं म्हणावं, नाहीतर शेतीवर सल्ला द्यावा. मागे रंगवलेलं काश्मीर. बाहेर प्रेक्षकांसाठी एक बाक.

दोन वर्षांत नगरी बंद पडली. का पडली, तेवढंच कोणाला आठवत नसे. बाकी सगळं आठवे, आणि डोळे भरून आठवे.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात शेठनी ती जागा शेंगांच्या गोदामाला द्यायचं ठरवलं. तेव्हापासून रतिलाल एका जागी टेकेना. अर्धा चहा टाकून उठायचा, फाटकापर्यंत जायचा, कुलूप हलवायचा, परत येऊन दुसरा चहा सांगायचा.

“शेठ, लोक अजून जीव टाकतात नगरीवर.”

“रविवारी आणून दाखव,” शेठ म्हणाले. “बाक भरलं तर गोदाम रद्द.”

रविवारी लोक लोटले. साक्रीहून झिपरू आला, बैलासकट. शेतीच्या कार्यक्रमात दोघेही होते.

“टीव्हीमा दिसना तवयपासून मना बैल औतले मान देत नही, भाऊ.” एकदा टीव्हीवर झळकलेला बैल आता औताला जुंपून घेत नव्हता.

आक्काबाई तर सांगतच आल्या, “मी बातम्या द्यायचे तेव्हा अख्खं गाव ऐकायचं.”

“मी नाही ऐकल्या,” पानबाई म्हणाली.

“तू कशी ऐकशील? तू मागे बसून पुढच्या गिऱ्हाइकाला पावडर लावत होतीस.”

रतिलालने कुलूप काढलं. गर्दी आत शिरली ती थेट काचेच्या मागे. काश्मीर दिसेनासं झालं. बाहेर बाकावर शेठ एकटे.

“चारपाच जण समोर या की,” रतिलाल काचेवर टिचक्या मारत म्हणाला. “आक्का, तुम्ही तरी.”

“मी बातम्या वाचते, बाबा. ऐकत नसते.”

“झिपरू?”

“बैलले एकटा कसा सोडू?”

रतिलाल बाकाच्या टोकाला टेकला, उठला, पुन्हा टेकला. आत आक्काबाईंनी घसा साफ केला. शेठ बराच वेळ गंभीरपणे बघत राहिले. मग त्यांनी टोपी सारखी केली.

“रतिलाल, पानबाईकडे पावडर आहे का रे अजून?”

शेठ आत जाऊन काश्मीरसमोर बसले आणि कापसाचे भाव सांगू लागले. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी मान वर करून बाहेर पाहिलं. बाक रिकामं होतं. रतिलाल पानबाईपुढे डोळे मिटून उभा होता.

सोमवारी शेंगांची पोती आली.