मोजले, पुरले

छप्पन्न सालच्या एक नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली आणि पांढुर्ण्याच्या लोकांसाठी नागपूर जागचं न हलता परराज्यात गेलं. पंधरा दिवसांनी पांढुर्ण्याचे भैय्याजी बिछायतवाले गेले. तेही जागचे न हलता, दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या.

लग्नाकार्याला गंज म्हणजे मोठाली पातेली, कढया, पराती, सतरंज्या भाड्यानं द्यायचं हे दुकान त्यांनी दोन कढयांवर काढलं होतं. त्यातली एक बायकोच्या माहेरची. प्रत्येक भांड्याच्या बुडाला ते छिन्नीनं चंद्रकोर ठोकत, आणि एवढी खबरदारी घेतल्यावर पुढं काहीच बघत नसत. कार्य उरकून मालाची बैलबंडी परत आली की गादीवरूनच म्हणत, ''मोजले, पुरले,'' आणि पान लावायला घेत.

मुलगा मुकुंद शाळामास्तर. गणिताचा हा अपमान त्याला सोसत नसे.

''बाबा, सहा गंज कमी आहेत.''

''असतीन गावातच. गंजाले पाय थोडेच हायेत?''

आता बाबांच्या तेरवीची, तेराव्याच्या जेवणाची, तारीख निघाली आणि मुकुंदानं दुकानातली पाटी पाहिली. त्याच तारखेपुढं बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'तिगाव. पुंडलिकराव. मुलीचं लग्न. सगळा माल.'

बाबांचे भाऊ नत्थूकाका भडकले. ''गावभर गंज वाटणाऱ्याच्या तेरवीले गंज नाही? लोक तोंडात शेण घालतीन!''

पुंडलिकराव स्वतः येऊन गेले. ''तुमच्यावर असा प्रसंग... मी सौसरून पाहतो ना जी.'' सौसरच्या दुकानाचा माल त्या दिवशी बोरगावला जाणार होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दिलेली तारीख पहिल्यांदाच मोडली, तर बाबांमागं दुकानही गेलं. नाही मोडली, तर तीनशे माणसांचा स्वयंपाक कशात? मुकुंद आईजवळ गेला.

मनकर्णाबाईंनी विचारलं, ''तारीख कोनं देल्ली?''

''बाबांनी.''

''मंग मले कायले पुसून राहिला?''

दुकानाचा गडी गुणवंता सगळा माल बंडीत घालून तिगावला गेला.

गोष्ट गावात फिरायला कितीसा वेळ! तेरवीच्या सकाळी गल्लीतली कलाबाई डोक्यावर मोठा गंज घेऊन अंगणात आली. तिच्यामागं आणखी बाया आल्या. नऊपर्यंत चौदा गंज जमले. मुकुंदानं एक चुलीवर चढवायला उचलला, तर बुडाला चंद्रकोर. दुसऱ्यालाही. चौदांपैकी अकरांना.

''अरे, हे तर आपलेच...'' नत्थूकाका गरजले.

''भावजी,'' मनकर्णाबाई म्हणाल्या, ''भाजीत मीठ पाहा बरं.''

भाजी अजून चिरायची होती.

कलाबाईच्या लग्नाला माल गेला तेव्हा मुकुंद चौथीत होता. म्हणजे वीस वर्षं हा गंज तिच्या चुलीवर होता, आणि वीस वर्षं बाबा तिच्या दारावरून जाताना न चुकता विचारत, ''काय शिजवून राहिली, कलाबाई?'' तेव्हा मुकुंदाला वाटे, बाबांना खाण्यापलीकडं काही सुचतच नाही.

संध्याकाळी बायांनी गंज राखेनं लख्ख घासले. कलाबाई मान खाली घालून म्हणाली, ''मास्तर, मोजून घ्या तुमचे गंज.''

काका पुढं सरकले.

''मोजले,'' मुकुंद म्हणाला. ''पुरले. आपापले घेऊन जा.''

दुसऱ्या दिवशी तिगावची बंडी परत आली.

''भाऊ,'' गुणवंता दारातूनच म्हणाला, ''दोन पराती कमी वाटून राहिल्या.''

मुकुंद गादीवरून उठला नाही. त्याला पान लावता येत नव्हतं, तरी त्यानं डबा पुढं ओढला.