सोमणने बंद केलेलं दार

वाचनालयात मालिकेचा पहिला भाग नव्हता, म्हणून कृतिकाने तिसराच उचलला. अवकाशयानाच्या गोष्टीत मागचंपुढचं असं काय कळायचं राहणार, असं तिला वाटलं. पण त्यातल्या म्हाताऱ्या वैमानिक सोमणने तिला पार गुंतवून टाकलं. यानावर अनाथ झालेल्या जुईला तो पोटच्या पोरीसारखा वाढवत होता. तिची वेणी घालता यावी म्हणून दोरीच्या गाठींवर सराव करायचा. ते वाचून कृतिकाला भरून आलं.

रविवारी मानपाड्याच्या घरी पोहे खाताना ती सासऱ्यांना, तानाजींना, सगळं सांगत होती. पहिला भाग त्यांच्याचकडे असल्याचं तिला तेव्हा कळलं. ते मध्येच खायचे थांबले.

"जुईच्या आईला त्यानेच मारलं," ते म्हणाले.

"कोणी?"

"तुझ्या सोमणने. आग लागली तेव्हा यान वाचवायला दार बंद केलं. ती आतून हात आपटत होती. तो बघत राहिला."

कृतिकाच्या हातातला चमचा तसाच राहिला. जुईला हे ठाऊक नव्हतं. पुस्तक वाचणाऱ्या कृतिकालाही नव्हतं.

"पण बाबा, यान वाचलं ना? बाकीचे जगले."

"आमच्या कंपनीला आग लागली तेव्हाही बाकीचे जगले," तानाजी म्हणाले. "शटर बाहेरून ओढलेलं. रघु आत राहिला. माझ्या शेजारच्या मशिनवर असायचा."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण रघु हे नाव या घरात तिने कधी ऐकलं नव्हतं. ज्या सोमणसाठी तिला भरून आलं होतं, त्याच्याबद्दल आता मनात काय ठेवायचं, ते तिला कळेना.

"शटर कोणी ओढलं?" तिने हळूच विचारलं.

"आमचा सुपरवायझर. नंतर रघुच्या पोरांची फी तोच भरायचा. मी त्याच्याशी कधी बोललो नाही."

पोहे गार झाले. मग तानाजींनी चष्मा लावला आणि हात पुढे केला.

"दे तो तिसरा."

"बाबा, दुसरा वाचला नाहीत अजून."

"राहू दे. वेणीचं कुठल्या पानावर आहे?"

तिने पिशवीतून पुस्तक घेऊन ते पान काढून दिलं. ते वाचू लागले. तिने त्यांच्या कपाटातला पहिला भाग उघडला, पण आगीचं प्रकरण येईपर्यंत तिचं अर्धं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडेच होतं.